गुलाबी गुलबाक्षीचं बी पेरलं तर गुलाबीच येणार का? (अपूर्ण प्रभाविता)

तिसरा मजला
मुलगी बारावी सायन्सला आहे. पुस्तकात दिलंय की लाल आणि पांढऱ्या गुलबाक्षीचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळी फुलं गुलाबी येतात, आणि याला अपूर्ण प्रभाविता म्हणायचं. तेवढं तिचं पाठ आहे. पण तिने विचारलं, "आई, ते गुलाबी आवडलं म्हणून त्याचंच बी धरून पेरलं तर पुढे सगळी गुलाबीच येतील ना?" क्लासमध्ये विचारलं तर "एकास दोनास एक, लिहून घ्या" म्हणून पुढचा टॉपिक सुरू.
दुसरा प्रश्न माझा. मेंडेलच्या वाटाण्यात उंच आणि बुटका मिळून मध्यम झाला नाही, उंचच झाला. मग गुलबाक्षीतच मधलं का?
कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या मागच्या कुंपणाला गुलबाक्षी नुसती माजलीय. किरमिजी आहे, पिवळी आहे, एक तर पिवळ्यावर किरमिजी शितोडे असलेली. पुस्तकासारखी एकही नाही!

पेठेतला
ताई, लई सोप्पं हाय. तांबडा रस्सा नि पांढरा रस्सा एका वाटीत ओतला की झाला गुलाबी. फकस्त असलं करणाऱ्याला आमच्या पेठेत परत जेवायला बोलवत न्हाईत.

निवृत्त बॉटनी
पेठेतला यांनी थट्टा केली, पण नेमकं तिथंच पाणी मुरतंय. वाटीत एकदा मिसळलेला रस्सा परत वेगळा करता येत नाही. एकोणिसाव्या शतकात आनुवंशिकतेबद्दल बहुतेकांची समजूत अशीच होती: आईबापांचे गुण मुलांत मिसळतात, संपलं. फ्लीमिंग जेंकिन नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने १८६७ मध्ये याच मुद्द्यावर डार्विनला अडचणीत आणलं होतं. गुण असे मिसळत असतील तर एखादा नवा चांगला गुण चार पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल, मग निवड कशाची होणार? डार्विनकडे याचं धड उत्तर नव्हतं.
आता गुलबाक्षीकडे या. गुलाबी फुलाचं त्याच फुलाच्या परागाने बी धरलं, तर पुढच्या पिढीत लाल परत येतं. पांढरंही परत येतं, तेही पहिल्याइतकंच स्वच्छ. बी पुरेसं पेरलं तर साधारण पाव हिस्सा लाल, निम्मी गुलाबी, पाव हिस्सा पांढरी. म्हणजे गुलाबी झाडात लाल आणि पांढऱ्याची जनुकं मिसळलेली नव्हतीच. शेजारी शेजारी राहून दोन्ही जशीच्या तशी पुढे गेली. मिसळल्यासारखा दिसला तो फक्त फुलाचा रंग.
तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, सगळी गुलाबी येणार नाहीत. आणि कितीही पिढ्या फक्त गुलाबीचंच बी धरत गेलात तरी "शुद्ध गुलाबी" वाण मिळणार नाही. गुलाबी दिसायला एक लालचं आणि एक पांढऱ्याचं जनुक लागतं, आणि बीज बनताना ही जोडी दरवेळी फुटते.
तिला आणखी एक पडताळा करायला सांगा. गुलाबीचा लालशी संकर केला तर निम्मी लाल, निम्मी गुलाबी. पांढऱ्याशी केला तर निम्मी गुलाबी, निम्मी पांढरी. फिक्कट गुलाबी, त्याहून फिक्कट अशी उतरंड कुठेच लागत नाही.

पेठेतला
सर, मानलं! आमची चेष्टा पण सिलॅबसमदी बसली म्हणायची.

तिसरा मजला
सर, खूप आभार. हे तिला आजच वाचून दाखवते. पण आठ-दहा बिया पेरल्या आणि पांढरं एकही आलं नाही तर गणित चुकलं म्हणायचं का?

निवृत्त बॉटनी
मुळीच नाही. प्रत्येक रोप पांढरं नसण्याची शक्यता पाऊण. आठ रोपं असतील तर एकही पांढरं न येण्याची शक्यता साधारण १० टक्के, ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे. सोळा रोपं लावलीत तर ती १ टक्क्यावर येते. मेंडेलने एकेका गुणासाठी शेकडो-हजारो वाटाणे मोजले ते हौस म्हणून नाही.
मोजण्यावरून आठवलं. डार्विनने डॉग फ्लॉवरच्या साध्या फुलाच्या आणि सर्व बाजूंनी सारख्या फुलाच्या झाडांचा संकर केला होता. पहिल्या पिढीत सगळी साधी. त्यांचं बी पेरून आलेल्या १२७ रोपांपैकी ८८ साधी, ३७ वेगळी आणि २ मधली, हे आकडे त्याने १८६८ मध्ये स्वतः छापलेत. तिनास एकच्या जवळपास! मेंडेलचा निबंध दोन वर्षं आधी, १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेला. पण डार्विनने त्या प्रमाणाकडे पाहिलंच नाही. मला तर हा विज्ञानाच्या इतिहासातला सगळ्यात हळहळ लावणारा आकडा वाटतो.

भुदरगडी
फुलाचं मला काही कळत नाही, कोंबड्यांचं कळतं. माझ्याकडं गावठी पाखरं आहेत. त्यात काही उघड्या मानेची. दोन प्रकार दिसतात. एकाची मान अगदी बोडकी, दुसऱ्याच्या मानेवर पुढच्या बाजूला पिसांचा झुबका. मी इतकी वर्षं झुबकेवाली म्हणजे भेसळ, कमअस्सल असं समजून बाजारला घालवायचो. ही पण तीच भानगड का?

निवृत्त बॉटनी
तीच. उघड्या मानेचं जनुक दोन्हीकडून आलं की मान जवळजवळ पूर्ण बोडकी, एकाच बाजूने आलं की पुढे झुबका. तुमच्या झुबकेवाल्या कोंबडीला साध्या कोंबड्याकडून पिल्लं घ्या, साधारण निम्मी झुबकेवाली आणि निम्मी भरल्या मानेची निघतील. भेसळ वगैरे काही नाही. उलट उन्हाळ्यात या जातीला पिसं कमी असल्याने उष्णता कमी सोसावी लागते, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तो फायदाच.
तुमच्यासारखीच समजूत युरोपातल्या कोंबडी-शौकिनांची होती. निळसर राखाडी रंगाच्या अँडलुशियन कोंबड्या प्रदर्शनात मिरवायच्या. निळ्याला निळी लावली तरी दरवेळी काही पिल्लं काळी आणि काही शिंतोडे असलेली पांढरट निघायची, ती "अशुद्ध" म्हणून काढून टाकायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेटसन आणि पनेट या केंब्रिजच्या जोडीने मेंडेलच्या नियमांनी याचा उलगडा केला. निळी हाच संकर, काळी आणि पांढरट याच शुद्ध. शंभर टक्के निळी पिल्लं हवी असतील तर काळ्याला पांढरट लावा. जी टाकून देत होते, नेमकी तीच जोडी हवी होती.

भुदरगडी
आणि उलट्या पिसांची? आमच्याकडं भगत मंडळी मागतात म्हणून त्या पाखराला चढा भाव मिळतो. (मी देत नाही. पाखरू माझं, त्यांच्या उताऱ्याला कशाला?) एकदा उलट्या पिसांचा नर नि मादी जोडी लावली तर काही पिल्लं अगदीच रोगट, पिसं तुटकी, अंग उघडं. साथ आली असं वाटलं.

निवृत्त बॉटनी
साथ नव्हे. एकच जनुक आलं तर पिसं डौलदार उलटी वळतात. दोन्ही आली तर पिसाचा कणाच ठिसूळ होतो, पिसं झडतात, पिल्लाला ऊब राहत नाही. पिसांमधल्या केराटिन प्रथिनाच्या जनुकातला हा बिघाड २०१२ मध्ये शोधून काढला गेला. म्हणून उलट्या पिसांच्या पाखराला नेहमी साधंच पाखरू लावायचं. निम्मी पिल्लं उलट्या पिसांची मिळतात आणि तुमचं नुकसान टळतं.

मिरजकर
मग एबी रक्तगट पण यातच का? एचं आणि बीचं मधलं?

निवृत्त बॉटनी
नाही, आणि परीक्षेत इथेच मार्क जातात. एबी माणसाच्या लाल पेशीवर ए हा प्रतिजन पूर्ण असतो आणि बी पण पूर्ण असतो. मधलं काही तयार होत नाही, दोन्ही स्वतंत्रपणे दिसतात. ती सहप्रभाविता. गुलाबी फुलात लाल ठिपका वेगळा आणि पांढरा वेगळा असं दिसत नाही, सगळं फूल एकसारखं मधल्या छटेचं. ती अपूर्ण प्रभाविता.

कर्वेनगर सध्या
मूळचा शाहूपुरीचा, आता पुण्यात. मी सावळा, बायको गोरी, मुलगी गव्हाळ. हे घरचं उदाहरण चालेल का?

निवृत्त बॉटनी
चालणार नाही. त्वचेच्या रंगावर एक नव्हे, पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा परिणाम असतो, शिवाय उन्हाचा. म्हणून तिथे तीन ठरावीक गट पडत नाहीत, अगणित छटा पडतात. दोन गव्हाळ माणसांच्या मुलांत पाव हिस्सा गोरी, पाव हिस्सा सावळी असा हिशेब लागत नाही. माणसाच्या उंचीचंही तसंच. मधलं दिसलं की अपूर्ण प्रभाविता, असा शिक्का मारू नका. पुढच्या पिढीत मूळची दोन्ही रूपं ठरलेल्या प्रमाणात परत येतात का, ते पाहायचं.
(आणि स्थळ बघताना "गोरी हवी" म्हणणाऱ्यांनी जेनेटिक्सचा आधार तर मुळीच घेऊ नये. हा धागा त्यासाठी नाही, एवढंच बोलून थांबतो.)

तिसरा मजला
सर, माझा दुसरा प्रश्न राहिला. उंच वाटाण्यात मधलं का नाही?

निवृत्त बॉटनी
राहिला नाही, निवांत लिहायचा होता. आता चहा घेऊन बसलोय.
"प्रभावी" जनुक म्हटलं की मुलांच्या डोक्यात तालमीतलं चित्र येतं. एक दांडगा, एक किरकोळ, दांडग्याने दुसऱ्याला दाबलं. प्रत्यक्षात कोणी कोणाला दाबत नाही. बऱ्याचदा "अप्रभावी" जनुक म्हणजे नुसतं बिघडलेलं, काम न करणारं जनुक. मग प्रश्न इतकाच उरतो, की दोनपैकी एकच जनुक चालू असेल तर तेवढ्यावर भागतं का?
वाटाण्याची उंची जिबरेलिन या संप्रेरकावर ठरते. ते तयार करणाऱ्या एका एन्झाइमचं जनुक बुटक्या वाटाण्यात सदोष आहे. संकरित झाडात एक जनुक धड आहे, त्यातून तयार होणारं एन्झाइम झाडाला पुरून उरतं. म्हणून ते पूर्ण उंच. मेंडेलने तर लिहून ठेवलंय की १ फूट आणि ६ फूट उंचीच्या झाडांच्या संकरातून ६ ते साडेसात फुटी झाडं आली. मधली राहिली बाजूला, बापापेक्षा उंच!
फुलाच्या रंगात मात्र असं होतं की रंग जितका बनेल तितका डोळ्याला दिसतो. एका जनुकावर रंगद्रव्य कमी बनलं की फूल फिकं. तिथे भागत नाही.
हे सगळं आधी कोणाला सुचलंच नव्हतं अशातला भाग नाही. १९२८ मध्ये इंग्लंडमधले आनुवंशिकीतज्ज्ञ आर. ए. फिशर यांनी मांडलं की प्रभाविता ही नैसर्गिक निवडीने हळूहळू घडत जाते. अमेरिकेतले आनुवंशिकीतज्ज्ञ सिवॉल राइट म्हणाले, छे, हा शरीरातल्या रसायनांच्या कारखान्याचा साधा परिणाम आहे. दोघांत बरीच वर्षं जुंपली. १९८१ मध्ये कॅक्सर आणि बर्न्स यांनी एडिंबरोहून गणित मांडून दाखवलं की एकामागोमाग एक अशा अनेक एन्झाइमांच्या साखळीत एखादं एन्झाइम निम्मं झालं तरी शेवटच्या मालात फारसा फरक पडत नाही. पारडं राइटच्या बाजूला झुकलं. मला स्वतःला राइटच पटतात. फिशर यांचं गणित देखणं आहे, पण वाटाण्याला त्याची गरज नाही.
आता खरी गंमत. मेंडेलचा गोल आणि सुरकुतलेला वाटाणा घ्या. संकरित दाणा गोल, म्हणजे पूर्ण प्रभाविता, पुस्तकात लिहिलंय. पण तो दाणा कापून त्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली बघा. गोल जातीत ते मोठे, अंडाकृती, एकसंध. सुरकुतलेल्यात तुकडे जोडल्यासारखे. आणि संकरितात मधलेच! डार्बिशायर यांनी हे १९०८ मध्ये दाखवलं. १९९० मध्ये ते जनुकच हाती लागलं: स्टार्चच्या फांद्या पाडणाऱ्या एन्झाइमचं जनुक, त्यात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसल्याने बिघडलेलं. तोच दाणा, तेच जनुक. बाहेरून पाहिलं तर पूर्ण प्रभाविता, आत पाहिलं तर अपूर्ण.

तिसरा मजला
म्हणजे प्रभावी की अपूर्ण, हे जनुकाला विचारायचंच नाही?

निवृत्त बॉटनी
ताई, बरोबर पकडलंत. तुम्ही नक्की काय मोजताय ते आधी सांगायचं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचंच बघा, नंदुरबार-गडचिरोलीकडे हा प्रश्न मोठा आहे. एकच सदोष जनुक असलेला वाहक सहसा आजारी नसतो, म्हणजे आजार म्हणून पाहिलं तर अप्रभावी. ऑक्सिजन कमी केला की त्याच्या काही पेशी विळ्यासारख्या होतात, पण रुग्णाइतक्या नाहीत. पेशींच्या आकाराने पाहिलं तर अपूर्ण प्रभाविता. आणि हिमोग्लोबिन तपासलं तर दोन्ही प्रकार वेगवेगळे दिसतात, म्हणजे सहप्रभाविता. माणूस एकच, उत्तरं तीन.

ऊसकरी, शिरोळ
सर, मग गुलाबी कायम राखायचं असेल तर इलाजच नाही? आम्ही ऊस कधी बियांनी लावत नाही. को ८६०३२ ची दोन डोळ्यांची टिपरी लावली की तोच ऊस उगवतो, वर्षानुवर्षं.

निवृत्त बॉटनी
अगदी तोच इलाज! बी आलं की जोडी फुटते, टिपरी लावली की फुटत नाही. ऊस स्वतः मोठा गुंतागुंतीचा संकर आहे, त्याचं बी पेरलं तर एकासारखं दुसरं रोप निघणार नाही. गुलबाक्षीला जमिनीखाली जाड कंदासारखं मूळ असतं. आवडत्या गुलाबी झाडाचं ते मूळ जपा. पावसाळ्यात पुन्हा फुटेल आणि फूल गुलाबीच येईल. बी ठेवा प्रयोगासाठी, मूळ ठेवा हौसेसाठी.

रात्रपाळी
सरांच्या पोस्टनंतर डॉक्टर म्हणून एक गोष्ट लिहावीशी वाटली, कारण माणसातलं अपूर्ण प्रभावितेचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण ओपीडीत दिसतं आणि बहुतेक वेळा सुटून जातं.
यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांचं एक जनुक सदोष असेल तर रिसेप्टर निम्म्यावर येतात आणि एलडीएल जन्मापासून साधारण दुप्पट राहतं. अशी माणसं साधारण अडीचशे-तीनशेत एक. उपचार नसेल तर पुरुषांना चाळिशी-पन्नाशीतच हार्ट अटॅक येऊ शकतो. दोन्ही जनुकं सदोष असतील, जे फारच दुर्मीळ, तर लहानपणीच कातडीवर पिवळसर गाठी आणि शाळकरी वयात हृदयविकार. एकाला बरं, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला भयंकर: गुलबाक्षीचाच हिशेब. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं.

पेठेतला
डॉक्टर, म्हंजे मटण सोडायची वेळ आली का काय? आमच्या दाजींना बेचाळिसाव्या वर्षी अटॅक आला. माणूस बारीक, विडी न्हाई काडी न्हाई. सगळी म्हणाली, रस्सा भोवला.

रात्रपाळी
दाजी आता बरे असावेत अशी आशा. मटण बेतानेच खा, पण बारीक, निर्व्यसनी माणसाला बेचाळिशीत अटॅक आला तर सगळं खापर रश्श्यावर फोडू नका. त्यांच्या जुन्या रिपोर्टमध्ये एलडीएल १९० च्या वर होतं का ते बघा. टाचेच्या वरच्या जाड शिरेवर गाठ लागते का, हात फिरवून बघा. असं काही असेल तर त्यांच्या भावंडांची आणि मुलांची लिपिड तपासणी करून घ्या, कारण प्रत्येकाला ते जनुक मिळाल्याची शक्यता निम्मी. मुलांचीही करा, वाट बघू नका. औषधं आहेत आणि वेळेवर सुरू केली तर चांगली लागू पडतात. इथे रिपोर्ट टाकू नका, दवाखान्यात दाखवा.

पेठेतला
चेष्टा न्हाई करत आता. त्यांची दोन पोरं हायेत, थोरला सतराचा. ह्या रविवारी ताईकडं जाऊन फाईल काढतो. आभार, डॉक्टर.

तिसरा मजला
सर, मुलगी म्हणते प्रयोग करूनच बघायचा. कसा करायचा ते सांगाल का? आणि त्या शितोड्यांच्या झाडाचं काय?

निवृत्त बॉटनी
शितोड्यांचं झाड घेऊ नका. त्यात रंगाचं जनुक फूल वाढता वाढता काही पेशींत चालू-बंद होतं, हिशेब बसणार नाही. पिवळंही नको, बीटच्या कुळातल्या रंगद्रव्यांचे पिवळा आणि किरमिजी असे दोन प्रकार गुलबाक्षीत असतात आणि गुंता वाढतो. तुम्हाला पुस्तकासारखं झाड दिसलं नाही ते यामुळेच. किरमिजी आणि अगदी शुभ्र अशी दोन झाडं घ्या. तीही त्यांचं स्वतःचं बी पेरून वर्षभर त्याच रंगाची फुलं येतात हे पाहून मगच.
फूल चारच्या सुमारास उमलतं, म्हणून दुपारी दोन-अडीचला उद्या नव्हे तर आजच उमलणारी फुगलेली कळी निवडा. चिमट्याने अलगद उघडून आतले पाचही पुंकेसर काढा, नाहीतर रात्रीतून फूल मिटताना स्वतःचाच पराग स्वतःला लागतो. संध्याकाळी दुसऱ्या झाडाचा पराग कुक्षीवर टेकवा, कण मोठे असतात, भिंगातून सहज दिसतात. पतंग येऊ नयेत म्हणून मलमलीची छोटी पिशवी बांधा आणि देठाला रंगीत दोरा. एका फुलातून एकच बी मिळतं, तेव्हा पुष्कळ कळ्यांवर हे करावं लागेल. मेंडेलही गुलबाक्षीवर खटपट करायचा, तो तर एकेक परागकण मोजून लावायचा.

तिसरा मजला
किरमिजी आहे. शुभ्र कुठे मिळेल? नर्सरीत विचारलं तर "गुलबाक्षी कोण विकत घेतं?" म्हणाले.

पेठेतला
ताई, आमच्या वाड्याच्या मागं विहिरीकडंला पांढरी हाय, आजीनं लावलेली. बी गोळा करून ठिवतो. मंगळवार पेठेत कवाबी या, नायतर मीच राजारामपुरीत आणून देतो.